बोजा

तिसऱ्यांदा तारीख पुढे गेली तेव्हा
मी बांधलेला खोका फाडून एक कप बाहेर काढला.
एकच. कान तुटलेला.

घर आता घुमतं,
खोकलं तरी उलट उत्तर देतं.
स्वयंपाकघरात एक खुर्ची, किटली,
आणि फोन, ज्यात डोना व्हर्टानेन
दर वेळी ‘काळजी करू नका’पासून सुरुवात करते,
तिथूनच मला काळजी लागते.

पहिल्यांदा माशी शिंकली ती अर्विडच्या कुंपणापाशी.
मोजणीवाला गुडघाभर बर्फात तिपायी रोवून,
एक डोळा मिटून म्हणाला,
तुमचा सौना चौदा इंच शेजाऱ्याच्या जमिनीत आहे.
पन्नास वर्षं दर शनिवारी
अर्विड त्याच चौदा इंचांत घाम गाळत बसायचा.
संमतीच्या कागदावर सही द्यायला आला,
टोपी काढली, म्हणाला,
लेम्पी, म्हणजे मी माझ्याच जमिनीत पाहुणा होतो?
पोट धरून हसलो आम्ही.
मग कळलं, सही नोटरीसमोर हवी.
नोटरी पलीकडच्या गावात. पुलावर वादळ. चार दिवस.

दुसऱ्यांदा तळघराचा जिना.
कठडा नाही, म्हणून बँक कर्ज देईना.
दोन पोरं पोटात घेऊन मी तो जिना उतरलेय,
बटाट्यांची पोती घेऊन, एकदा तर रेनोला घेऊन.
पण बँकेला हे कोण सांगणार?
एक्क्याऐंशीव्या वर्षी स्क्रू पिळून
कठडा बसवला मी,
ज्यांना धरावासा वाटेल त्यांच्यासाठी.

आणि मग हा बोजा.
कौंटीच्या कचेरीतला पोरगा अदबीनं म्हणाला,
मॅडम, एकोणीसशे त्र्याऐंशी साली
हे घर चार हजार डॉलरला गहाण पडलंय,
सुटल्याची नोंद नाही.
म्हटलं, पत्ता चुकला असेल तुझा.
या घरातली पै न् पै माझ्या वहीत आहे.
त्यानं नक्कल पाठवली.
सही रेनोची. शेपूट खाली ओढलेलं,
घाईत असला की ओढायचा तसं.

त्र्याऐंशी.
कैसा व्हायोलिन घेऊन शिकायला गेली ते साल.
शिष्यवृत्तीचं पत्र आलं होतं,
मी केक केला होता.
पत्र मी पाहिलं नव्हतं.
त्यानं वाचून दाखवलं होतं, उभं राहून,
चष्मा न लावता.

बँक आता नाही. तिला दुसरीनं गिळलं,
दुसरीला तिसरीनं,
तिसरी म्हणते, पुरावा द्या, सहा आठवडे लागतील.
गॅरेजमध्ये खिळ्यांच्या डब्याखाली
दुसरा डबा निघाला.
चौऱ्याऐंशी पावत्या. सात वर्षं, दरमहा एक,
काहींवर ग्रीसचा अंगठा.
सात हिवाळे तो रात्री
बर्फ ढकलायच्या गाडीवर जायचा.
झोप येत नाही म्हणायचा.
आणि मी चिडायचे, दार वाजवू नकोस म्हणून.

काल मरिसा आली, पडद्यांचं माप घ्यायला.
मोटेलात राहतात ते दोघं, बाळाला सर्दी.
टेप धरून खिडकीशी उभी राहिली
आणि एकदम रडायलाच लागली.
मी तिला कप दिला. तोच, एकुलता.
तिनं विचारलं नाही, तुम्ही कशातून पिणार?
बरं झालं. काय सांगणार होते?

पावत्या आज टपालात टाकल्या.
संध्याकाळी डोनाचा फोन: काळजी करू नका,
पण त्या त्र्याऐंशीच आहेत.
शेवटची नाही. शेवटचीच महत्त्वाची.
कुठे पडली असेल का?

ती इथे आहे, माझ्या स्वेटरच्या खिशात.
तिच्यावर पेन्सिलीनं त्यानं लिहिलंय: झालं.
एवढंच.

म्हटलं, शोधतेय डोना.
सोमवारपर्यंत सापडेल.